जुन्या एसटीडी बूथवर चित्र काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसटी स्टँडजवळ, शाळेच्या कोपऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून कित्येक वर्षं बंद पडलेले टेलिफोन बूथ विदर्भातल्या गावांत अजून उभे आहेत. ते रंगवू पाहणारे पेंटर, चित्रकला शिक्षक, तरुण मंडळं आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी ही प्रश्नावली आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी परिमाणं ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ७ फूट उंच लोखंडी बूथची आहेत. मालाचे भाव तालुक्यागणिक बदलतात, म्हणून रुपये न देता लिटर, नग आणि बॅगा दिल्या आहेत.

बूथ बंद आहे, बेवारस आहे. मग थेट रंगवायला काय हरकत?

बंद असला म्हणून तो बेवारस होत नाही. एका बूथला बहुतेक वेळा तीन मालक असतात. पेटी किंवा टपरी ती चालवणाऱ्याची, फोनचं यंत्र आणि तार दूरसंचार खात्याची (१ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलची), आणि जागा ग्रामपंचायतीची, सार्वजनिक बांधकाम विभागाची, जिल्हा परिषदेची किंवा एसटी महामंडळाची. परवानगी तिघांचीही लागते.

सुरुवात टपरीवाल्याच्या घरून करा. हे बूथ अनेक ठिकाणी अपंग व्यक्तींना उपजीविकेसाठी दिले गेले होते, त्यावर घरं चालली. त्या घराला न विचारता चित्र काढणं आम्हाला पटत नाही, कागदोपत्री अडचण नसली तरीही. साध्या कागदावर संमतीपत्र घ्या. त्यात बूथची जागा, मोजमाप, कुठल्या बाजू रंगवणार आणि दार-काच काढणार का, एवढं लिहा. मग ग्रामपंचायतीत नमुना ८ ला (कर आकारणीच्या नोंदवहीत) टपरीची नोंद आहे का पाहा, सरपंचांच्या नावाने अर्ज द्या आणि विषय मासिक सभेत किंवा ग्रामसभेत ठेवून ठरावाची नक्कल घ्या. अर्जाला रंगीत कच्चं चित्र जोडलं की चर्चा लवकर आटोपते, कारण लोकांचा आक्षेप रंगाला क्वचितच असतो. तिथे नेमकं काय येणार हे ठाऊक नसतं, म्हणून लोक विरोध करतात.

बूथ एसटी स्टँडच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव चालत नाही. आगार व्यवस्थापकांकडून लेखी घ्या. परवानगीशिवाय सार्वजनिक दिसणाऱ्या जागी रंगकाम केलं तर मालमत्ता विद्रूपणाबाबतचा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा लागू होऊ शकतो.

आत अजून तारा लोंबत आहेत. कापल्या तर चालतील?

टेलिफोनची तार स्वतः कापू नका. बंद दिसणाऱ्या जोडीतही ४८ व्होल्ट डीसी असू शकतं, आणि रिंग येते तेव्हा त्याहून जास्त एसी दाब येतो. जीव जाण्याइतका नाही, पण शिडीवरून दचकून पडण्याइतका नक्की. खरी भीती वेगळी आहे : बूथच्या पाठीला डीपी बॉक्स (टेलिफोनच्या तारा वाटून देणारी पेटी) असेल तर तिथून शेजारच्या दवाखान्याची किंवा बँकेची लाइन गेलेली असते. एक्स्चेंजला अर्ज देऊन माणूस बोलवा.

विजेची तार हा गंभीर प्रकार आहे. ट्यूबलाइटसाठी बाजूच्या दुकानातून ओढलेली वायर अनेकदा तशीच जिवंत राहिलेली असते आणि पत्र्याला घासून घासून तिचं आवरण गेलेलं असतं. पत्र्याला हात लावण्याआधी टेस्टर लावा, आणि ते सुद्धा दोन-तीन ठिकाणी. पावसाळ्यानंतर तर हमखास.

आत शिरण्याआधी आणखी काही बघायचं?

हो. बूट घाला, काठीने पत्रा ठोका. विंचू तळाच्या पट्टीखाली असतात, गांधीलमाशांचं पोळं छताच्या आतल्या कोपऱ्यात. चिमणीचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. छत सिमेंटच्या जुन्या पन्हाळी पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) असतं असं धरून चाला. त्याला ड्रिल, ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. ओलं करून अख्खं उतरवा किंवा तसंच राहू द्या.

बूथ कशाचा बनला आहे हे कसं ओळखायचं? आणि त्याने काय फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. चित्र दोन वर्षांत सोलून निघालं तर दहातल्या नऊ वेळा कारण रंगात सापडत नाही, रंगाखाली सापडतं.

आपल्याकडे चार प्रकार भेटतात. अँगलच्या सांगाड्यावर १८ किंवा २० गेजचा काळा पत्रा. तसाच पण जस्ताचा पत्रा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत सनमायका लावलेल्या प्लायची केबिन. आणि भिंतीवर ठोकलेलं फायबरचं टोप, ज्याखाली रुपयाचं नाणं टाकायचा कॉइन बॉक्स असायचा.

काळा पत्रा तांबडा गंजतो. जस्ताचा पत्रा करड्या रंगाचा असतो, त्यावर बर्फाच्या नक्षीसारखे चट्टे दिसतात आणि गंज आधी पांढरा येतो. लोहचुंबक दोन्हींना चिकटतं, त्याने काही कळत नाही. जस्तावर रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट सरळ मारला की वर्षभरात पापुद्रे सुटतात, कारण ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांच्यात साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. तिथे आधी वॉश प्रायमर किंवा दोन डब्यांचा (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर हवा. ॲल्युमिनियमलाही तेच.

फायबरला गंज नसतो, पण उन्हाने वरचा थर पिठासारखा होतो. बोट फिरवून पाहा, पांढरी भुकटी लागली तर ती पूर्ण जाईपर्यंत २२० नंबरने ओलं घासायचं. प्लायची केबिन उघड्यावर असेल तर स्पष्ट सांगतो, तिच्यावर मेहनत करू नका. पाणी पिऊन फुगलेला प्लाय कुठल्याच रंगाने वाचत नाही. सांगाडा ठेवा, प्लायच्या जागी २० गेजचा पत्रा बसवा.

गंज काढायचा क्रम काय?

दार, काच, कड्या, जुना बोर्ड उतरवून घ्या. साबणाच्या पाण्याने आणि काथ्याने तेलकट थर काढा, पूर्ण वाळू द्या. पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडा. मग तारेचा ब्रश, त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी १२० नंबर. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. रात्रभर उघडा ठेवलेला घासलेला पत्रा थंडीत दवाने सकाळी पुन्हा तांबूस झालेला असतो.

घासताना एक काळजी टाळता येणार नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आपले बूथ त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, त्यामुळे जुन्या पिवळ्या-लाल थरांत शिसं आहे असंच समजा. कोरडं घासू नका, पाणी मारत घासा. एन-९५ मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, भुकटी गोळा करून बंद पिशवीत भरा. शाळेचा उपक्रम असला तरी हा टप्पा मुलांना देऊ नका. त्यांना चित्र द्या, अक्षरं द्या.

तळाची सहा इंच पट्टी नेहमी चाळणी झालेली असते, कारण पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. एम-सीलने बुजवलेली भोकं एका पावसाळ्यात सुटतात. कुजलेला भाग सरळ कापा, २० गेजची पट्टी चार मिलिमीटरच्या पॉप रिव्हेटने दर तीन इंचांवर बसवा आणि चारही कोपऱ्यांत १० मिलिमीटरचं भोक ठेवा. वेल्डिंग करायचं असेल आणि पत्रा जस्ताचा असेल तर जोडाभोवतालचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने वेल्डरला रात्री ताप भरतो.

प्रायमर कुठला घ्यावा?

काळ्या पत्र्याला झिंक फॉस्फेटचा. झिंक क्रोमेट लिहिलेला डबा दुकानदार पुढे करेल. तो काम देतो, पण त्यातलं क्रोमियम विषारी आहे आणि पुढे कोणीतरी ते घासणार आहे.

सामान किती लागेल?

बाहेरच्या चार बाजू ८४ आणि छत ९, मिळून ९३ चौरस फूट. आतली बाजूही तेवढीच. ब्रशने एक लिटरमध्ये साधारण १०० चौरस फुटांचा एक हात, म्हणजे एक थर, होतो असं धरा.

त्या हिशेबाने प्रायमर ३ लिटर (बाहेर दोन हात, आत एक), जमिनीचा (चित्राखालचा) रंग म्हणून सिंथेटिक इनॅमल ३ लिटर, चित्रासाठी सहा-सात रंगांचे २०० मिलीचे डबे, त्यात पांढरा आणि काळा मात्र अर्धा-अर्धा लिटर. चित्रावर मारायचा पारदर्शक थर म्हणून दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर दीड ते दोन लिटर. टर्पेंटाइन २ लिटर. पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे प्रत्येकी सहा. ब्रश तीन इंची, दीड इंची आणि अक्षरांसाठी चपटे दोन. स्प्रेचा ४०० मिलीचा डबा दोन हातांत जेमतेम १५ ते २० चौरस फूट भरतो आणि आपल्याकडच्या उघड्या माळावर निम्मा वाऱ्यावर जातो. छटा मिसळायला किंवा स्टेन्सिलला तो ठीक, बाकी काम ब्रशचं.

कुठल्या महिन्यात काम करावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हातला गडद पत्रा ६० अंशांच्या पुढे तापलेला असतो. अशा पत्र्यावर रंगाची वरची साय लगेच धरते, आतला थर ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. हाताचा तळवा आरामात टेकवता येत नसेल तर ब्रश उघडू नका. थंडीत उलटी अडचण : पूर्वेकडे, गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, सकाळी दव असतं. दहा वाजेपर्यंत थांबा आणि दुपारी चारच्या आत हात संपवा. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या.

रंग उडतो, त्याचं काय?

सगळे रंग सारखे उडत नाहीत. गेरूचा तांबडा, पिवळी माती, काळा, पांढरा, निळा आणि हिरवा हे आपल्या उन्हात टिकतात. स्वस्त चटक लाल, गुलाबी आणि जांभळा आधी जातात. फ्लोरोसंट रंग एका उन्हाळ्यात संपतो. म्हणून चित्राची मुख्य रचना टिकाऊ रंगांत बसवा आणि चटक लाल फक्त अशा छोट्या जागी ठेवा, जिथे तो पुन्हा भरायला दहा मिनिटं लागतील. दक्षिण आणि पश्चिम बाजूला ऊन जास्त. चेहरे उत्तर किंवा पूर्व बाजूला घ्या.

क्लिअर मारल्यावर चित्रच सुरकुतलं. असं का झालं?

इनॅमल पुरतं पिकण्याआधी पीयू मारला. पीयूचं थिनर तीव्र असतं, ते कच्चा इनॅमल उचलतं. किमान पंधरा दिवस थांबा, मग आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी मारून तासभर बघा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, म्हणून स्प्रेने मारायचा असेल तर साधा मास्क पुरत नाही. ब्रशने मारा. साधं वार्निश वापरू नका, ते वर्षभरात पिवळं पडतं आणि पांढरा रंग मळका दिसू लागतो.

खऱ्याच्या पिचकाऱ्यांचं काय करायचं?

विदर्भात हा प्रश्न आधीच सोडवून मगच चित्र सुरू करावं. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, त्यात चुना असतो. डाग तर पडतोच, शिवाय चुना इनॅमलची चमक खातो. तीन गोष्टी उपयोगी पडतात. तळाचे तीन फूट गेरूच्या गडद रंगात ठेवा आणि त्यावर पीयूचे तीन हात द्या, म्हणजे ओल्या फडक्याने पुसलं जातं. दार काढून पुढची बाजू पूर्ण उघडी करा, कारण लोक अंधाऱ्या कोपऱ्यात थुंकतात. आणि आत दिवा लावा. देवाच्या तसबिरींच्या फरशा लावण्याची सूचना हमखास येते. आमचं मत ठाम विरोधात आहे : देवाला पिकदाणीचा राखणदार करू नये.

खारपाण पट्ट्यात वेगळं काही करावं लागतं?

हो. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या काही तालुक्यांत, विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे. त्या पाण्याने पत्रा धुतला तर मीठ मागे राहतं आणि प्रायमरखाली फोड येतात. शेवटचं धुणं नळयोजनेच्या गोड्या पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. ओट्याचं काँक्रीटही अशाच गोड्या पाण्यात कालवा, नाहीतर लोणा फुटतो आणि ओट्यावरचा रंग झडतो.

बूथ एका बाजूला कलला आहे. सरळ कसा करायचा?

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसती चीप घालून सरळ केलेला बूथ पुढच्या मृगानंतर पुन्हा कलतो. बूथ बाजूला घ्या, साडेचार फूट चौरस आणि दोन फूट खोल माती काढा, त्यात मुरूम थराथराने पाणी मारून चोपा. वर ४ फूट बाय ४ फूट, चार इंच जाडीचा ओटा १:२:४ ने टाका. त्याला एक बॅग सिमेंट, अडीच घनफूट रेती आणि पाच घनफूट गिट्टी लागते. सात दिवस पाणी मारा. बूथ चार १२ मिलिमीटरच्या अँकर बोल्टने आवळा, खाली दोन इंचांची फट राहील अशा पट्ट्यांवर. उन्हाळ्याच्या शेवटच्या वादळात सुटा बूथ सहज आडवा होतो.

फरशीचे किंवा बांगड्यांचे तुकडे लावायचे असतील तर ते या ओट्यावर लावा. पत्र्यावर लावू नका. पत्रा उन्हात ताणतो, फरशी ताणत नाही, जोड सुटतो आणि तुकडे कोणाच्या तरी पायावर पडतात.

काच ठेवावी की काढावी?

जुनी काच बहुतेक साधी चार-पाच मिलिमीटरची असते आणि फुटली की सुरे होतात. चार मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट बसवा. चित्र आतल्या बाजूने काढा, म्हणजे बाहेरून खरवडता येत नाही.

चित्र काय असावं?

इथे नियम नाही, मत आहे. बूथ रंगवल्यावरही तो फोनचा बूथ आहे हे कळलं पाहिजे. पिवळ्या पाटीवरची एसटीडी, आयएसडी, पीसीओ ही अक्षरं पुसू नका. शक्य असेल तर ती तालुक्यातल्या एखाद्या जुन्या पाटीपेंटरकडून मजुरी देऊन पुन्हा लिहून घ्या. संगणकावर कापलेल्या स्टिकरला त्या चपट्या ब्रशचं वळण येत नाही. हुक, रिसीव्हर, दरपत्रक लावायची खिळ्यांची जागा जे उरलं असेल ते जपा. नाहीतर रस्त्यावर एक रंगीत कपाट उभं राहतं.

विषय गावातच असतात : पऱ्हाटीची बोंडं, वरूड-मोर्शीकडची संत्री, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, झाडीपट्टीची दंडार, धानाची रोवणी. वारली चित्रं मात्र उगाच आणू नका. ती पालघरच्या वारल्यांची आहेत, आणि केवळ महाराष्ट्राची म्हणून चंद्रपूरच्या बूथवर ती परकीच दिसतात. गोंड शैलीबद्दलही विचार करा. ठिपके-रेघांनी भरलेले प्राणी जे सगळीकडे दिसतात, ती शैली चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्यापासून मध्य प्रदेशातल्या पाटणगढला वाढली. तुमच्या गावात गोंड वस्ती असेल तर तिथल्या भिंतींवर, दारांवर काय काढतात ते त्यांनाच विचारा, त्यांनाच काढू द्या आणि मजुरी द्या.

पक्षांचे रंग, चिन्हं आणि पुढाऱ्यांचे चेहरे नकोत. आचारसंहिता लागली की बूथ कापडाने झाकला जातो. रंगाच्या कंपनीने डबे दिले तर तिचं नाव ओट्यावर दोन इंचांच्या अक्षरात पुरे.

बाहेर कुठे असं झालं आहे?

इंग्लंडमध्ये शिल्पकार डेव्हिड मॅक यांनी १९८९ मध्ये किंग्स्टन इथे १२ लाल बूथ एकमेकांवर कलंडलेले उभे केले. तिथल्याच टेलिफोन कंपनीच्या २००८ पासूनच्या योजनेत गावांना एका पौंडात बूथ मिळू लागले आणि त्यांत वाचनालयं, छोटी कलादालनं उभी राहिली. ब्राझीलमध्ये चू मिंग सिल्वेरा यांनी आखलेले अंड्याच्या आकाराचे फायबरचे टोप होते. साओ पावलोत २०१२ मध्ये त्यांतले १०० कलाकारांनी रंगवले. आपल्या कॉइन बॉक्सच्या टोपांसाठी तो नमुना जवळचा आहे, वस्तू तीच आहे.

रिसीव्हर उचलला की आवाज ऐकू यावा, असं करता येईल?

येईल, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज त्यात भरले तर लोक रांग लावतात. लागतं एवढंच : पेन ड्राइव्हवरून वाजणारी एमपी-३ प्लेट, पाच व्होल्टचा पुरवठा आणि जुना रिसीव्हर. प्लेट अशी घ्या की वीज मिळताच आपोआप वाजायला लागते, आणि ब्लूटूथ नसलेली, नाहीतर गोष्टीआधी चिनी उच्चारातली इंग्रजी घोषणा होते. रिसीव्हरमधला ऐकायचा भाग प्लेटच्या स्पीकरच्या तारांना जोडा. त्याचा रोध स्पीकरपेक्षा खूप जास्त असतो, म्हणून आवाज आपोआप कानापुरताच येतो.

चूक होते ती हुकच्या स्विचमध्ये. तो टेलिफोनच्या अगदी कमी करंटसाठी असतो, प्लेटचा करंट त्यातून नेला की पत्त्या जळतात. हुकखाली पाच अँपिअरचा मायक्रो स्विच बसवा आणि वीज त्यातून न्या. ध्वनिमुद्रण दीड-दोन मिनिटांचं ठेवा. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या.

वीज कुठून आणायची?

सोलरवर चालतं. पाच वॉटचा एलईडी सहा तास म्हणजे ३० वॉट-तास. १० वॉटचं पॅनल आणि १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी पुरते. लॅपटॉपमधल्या जुन्या गोल सेल वापरू नका, तापलेल्या पत्र्याच्या पेटीत त्या धोक्याच्या आहेत. बॅटरी छताला न लावता खाली, सावलीत, जाळीच्या पेटीत ठेवा.

देखभाल किती?

वर्षातून दोनदा : मृगाआधी आणि दिवाळीनंतर. तळाची भोकं मोकळी करा, बोल्ट आवळा, खरचटलेल्या जागी १२० नंबर, प्रायमर, रंग या क्रमाने हात फिरवा. प्रत्येक रंगाचे १०० मिली झाकणबंद बाटलीत नाव-तारीख लिहून ग्रामपंचायतीत ठेवा. पोस्टर चिकटवलं असेल तर ओढू नका. कोमट पाण्याचं ओलं पोतं अर्धा तास लावून ठेवलं की खळ सुटते.

काही वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्यावर नवं चित्र काढायचं असेल तर?

आधी जुन्या चित्राचे चारही बाजूंनी सरळ फोटो काढून ग्रामपंचायतीला द्या आणि पहिल्या चित्रकाराला कळवा. पीयूवर नवा रंग धरत नाही, म्हणून ओलं करून २२० नंबरने चमक पूर्ण मारा. रंग घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही. उघडा पडलेला पत्रा तेवढा प्रायमरने झाका आणि जमिनीच्या रंगाचा एक हात देऊन सुरू करा. थर पाचाच्या पुढे गेले असतील तर मात्र सगळं काढून पत्र्यापासून सुरुवात करावी लागते, कारण जाड थर उन्हात तडकतो आणि तडकलेल्या जागेतून पाणी आत शिरतं.